विषयाशी संबंध नाही

सुलभाताई,

काल तुमचे मोरिता-सान लिफाफा देऊन गेले. तोच तपकिरी, कसलंसं बिल आलेला, तुम्ही उलटा करून पुन्हा चिकटवलेला. आत बावीस पानं आणि तुमची पेन्सिल. मी माझा रकाना आधी भरून बंद केला होता आणि मगच लिफाफा फोडला. हे मुद्दाम सांगतेय, कारण या खेपेला ते खरं आहे. मागच्या तीन खेपांना नव्हतं. घ्या, सांगून टाकलं. तुम्ही होतात तोवर दोन महिने जे ओठांवर आणता आलं नाही, ते तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाल्यावर सांगतेय. अशी ही तुमची शूरवीर मेधा.

थांबा, चिडू नका. क्रमाने येते. तुम्हाला मधूनच सुरुवात केलेली आवडायची नाही.

आपली ओळख कचऱ्यावरून झाली. टोकियोत, ओजिमात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. आईशी फोनवर बोलत बोलत मी पिशवी कचऱ्याच्या जाळीखाली ठेवली आणि मागून खणखणीत आवाज आला, "अहो, आज प्लास्टिक नाही! उचला ती." वळून बघितलं तर आखूड केस, एप्रन, पायात बागेतल्या चपला. मला वाटलं, एखादी जपानी बाई मराठी शिकलेली दिसते. "बघताय काय अशा? साताऱ्याची आहे मी. उचला आधी." ती पिशवी पाचव्या मजल्यावर परत नेताना मला रडू फुटायचं बाकी होतं. संध्याकाळी दार वाजलं. तुम्ही कचऱ्याचं कॅलेंडर घेऊन उभ्या, प्रत्येक वारापुढे मराठीत लिहून आणलेलं, आणि वर वाटीभर मेतकूट. आधी अपमान आणि मग मेतकूट, हा तुमचा शिरस्ता शेवटपर्यंत टिकला.

कामही तुम्हीच मिळवून दिलंत. नवरा सकाळी सातला बाहेर पडायचा तो रात्रीच यायचा, आणि मला दिवसभर घर खायला उठायचं. "इंग्रजी येतं ना? आणि डोकं आहे ना? मग ये," म्हणालात. हे काम कुणाला सांगायला गेलं की लोक हसायचे. टोकियोत बसून दोन मराठी बायका करतात काय, तर ब्रिटनच्या मतदारांची उत्तरं वाचतात! पण खरंच तेच होतं. तिथली एक सर्वेक्षण कंपनी दर पंधरवड्याला लोकांना विचारते, अमुक पक्षाच्या नेत्याचं नाव निघालं की तुमच्या मनात पहिलं काय येतं, तुमच्या शब्दांत लिहा. ती उत्तरं ओसाकाच्या एका ऑफिसात यायची आणि तिथून आपल्याकडे. आपण प्रत्येक उत्तराला एक नंबर द्यायचा. विश्वास वाटतो म्हणजे अकरा. खोटारडा म्हणजे एकवीस. दुबळा म्हणजे चोवीस. 'सांगता येत नाही' म्हणजे सत्त्याण्णव. आणि अठ्ठ्याण्णव म्हणजे 'विषयाशी संबंध नाही'. एकेक उत्तर दोघींनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकींना न दाखवता. मग दोघींचे रकाने शेजारी शेजारी ठेवायचे, आणि जिथे नंबर जुळले नाहीत तिथे भांडून तिसऱ्या रकान्यात एकच नंबर लिहायचा. भांडण हेच आपलं काम होतं, आणि त्यात तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पक्षांची नावं आपण कधी घेतलीच नाहीत. लाल, निळा, फिकट निळा, पिवळा, हिरवा. "आज लालवाला फारच खाली बसलाय गं," असं तुम्ही जिन्यात म्हणायचात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तामिळ वहिनी आपल्याकडे संशयाने बघायच्या. सुरुवातीला मला वाटलं होतं, परक्या देशाचं राजकारण, आपल्याला काय त्याचं! वर्षभरात कळलं की राजकारण त्यात कमीच आहे. लाल आणि निळा हे दोन्ही जुने पक्ष लोकांना नकोसे झालेत, नेता बदलून बघितला तरी दोन-चार खेपा लोक जरा मवाळ लिहितात आणि मग पुन्हा तेच. फिकट निळा आवाज चढवतो म्हणून काहींना आवडतो आणि त्याच कारणासाठी बाकीच्यांना त्याची भीती वाटते. हे सगळं वर्तमानपत्रात येतंच. आपल्याकडे यायचं ते त्याच्या खालचं. दाताचा डॉक्टर मिळत नाही. मुलगा तिशीत आला तरी माझ्याच घरात राहतो. हिटर लावत नाही. नेत्याबद्दल विचारलं की लोक आपल्याबद्दल लिहितात, हे मला तुम्ही शिकवलंत. शिकवलंत म्हणजे, कान धरून शिकवलंत.

तुमची पेन्सिल. कॉम्प्युटरवर वाचायला तुमचा साफ नकार. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन पानं छापून आणायची, पेन्सिलने नंबर घालायचे, लिफाफ्यात बंद करायचे आणि लिफाफा माझ्या दारात. तुमचे आकडे कॉम्प्युटरवर मी चढवायचे. "पेनने का नाही?" असं मी एकदा विचारलं. तेव्हा तुम्ही ती लीड्सची गोष्ट सांगितलीत. मोरिता-सानची कंपनी तुम्हाला तिथे घेऊन गेलेली. तुमचा पासपोर्ट भारताचा, पण राष्ट्रकुलातली म्हणून तिथे मत देता येतं हे शेजारणीने सांगितलं आणि तुमचा विश्वासच बसेना. चर्चच्या मागची थंडगार खोली, लाकडी फळ्यांचा आडोसा, दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल. "भारतात मतदार यादीत नाव घालायच्या आधीच मोरितांशी लग्न करून इकडे आले. इथे परक्यांना मत नाही. मेधा, साठ वर्षांच्या आयुष्यात मला कुणीतरी विचारलं ते फक्त तिथे, आणि तेही पेन्सिल देऊन." पुढे हसत म्हणालात, "ज्याला दिलं तो पडला, ते सोड."

मग मला समजलं की अठ्ठ्याण्णव नंबरचा तुम्हाला इतका राग का.

तो नंबर तुम्ही कधी म्हणजे कधी दिला नाहीत. मी मात्र सढळ हाताने द्यायचे. पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली मी, चुकीचं ते बाजूला काढायची सवय लागलेली. लाल नेत्याबद्दल एकाने लिहिलं, 'आमच्या गावातली बस बंद झाली.' मी अठ्ठ्याण्णव. तुम्ही एकतीस, कामं होत नाहीत. पाऊण तास भांडलो. "बस त्या नेत्याने बंद केली का?" "नाही. पण तो म्हातारा थांब्यावर उभा आहे ना!" "म्हातारा आहे हे तुम्हाला कुठून कळलं?" "तरुण माणूस बसबद्दल लिहील का?" मी कपाळाला हात लावला. एकीने लिहिलं, 'माझे वडील यांनाच मत द्यायचे.' मी अठ्ठ्याण्णव, तुम्ही अकरा. आणि तो विधुर आठवतो? 'बायको गेल्यापासून मी बातम्या बघत नाही.' मी म्हटलं, याचा काय संबंध विषयाशी! तुम्ही चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढलात की मी समजायचे, आता आपली धडगत नाही. "सत्त्याण्णव घाल. त्याला विचारलं आणि त्याने सांगितलं. येत नाही सांगता, पण सांगितलं. संबंध नाही म्हणणारे तुम्ही कोण गं? उंटावरून शेळ्या हाकणारे." एकेरीतून एकदम 'तुम्ही' वर गेलात म्हणजे माझ्याबरोबर ओसाका आणि लंडन दोन्ही आले त्यात. मी हट्टाने अठ्ठ्याण्णव धरून बसले. शेवटी तुम्ही दमून म्हणालात, "घाल तुला हवं ते. तुझी सासू आहे ना तिकडे लंडनमध्ये बसलेली." त्या दिवशी चहा न घेता गेलात.

मला पटलं नव्हतं, ताई. खरं सांगते, तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या दुःखाला खुर्ची द्यायची म्हटलं तर तक्ता कशाचा होणार? अजूनही हे पूर्ण पटत नाही. तुम्ही उत्तरं वाचत नव्हतात, माणसं वाचायचात, आणि ती माणसं अर्धी तुमच्या मनातली असायची. हे तुम्हाला तोंडावर म्हटलंय मी, तेव्हा मागे बोलतेय असं नाही.

मागे केलं ते वेगळंच. ओसाकाहून मेल आली होती. दोघींचे नंबर फार कमी जुळतात, ठरलेल्या रेषेच्या खाली आहेत, असंच राहिलं तर हे काम मशीनकडे जाईल. मेल दोघींना होती, पण जपानीत असल्यामुळे तुम्ही ती माझ्याआधी वाचलीत आणि खांदे उडवलेत. "जुळत नाहीत तर नाही जुळत. दोन माणसं ठेवलीत कशाला मग?" तुम्हाला सोपं होतं. तुमच्याकडे मोरिता-सान होते, लेक होती, चाळीस वर्षांचं जपान होतं. माझ्याकडे मंगळवारी येणारा तुमचा लिफाफा होता. तो गेला असता तर मी पुन्हा त्या पाचव्या मजल्यावर, भिंतींशी बोलत. म्हणून त्या मंगळवारी मी माझा रकाना भरायच्या आधीच तुमचा लिफाफा उघडला. चोरासारखं दार लावून घेतलं होतं, घरात कुणी नसताना. तुमचे नंबर बघितले आणि माझे तसेच घातले. अगदी सगळे नाही. दहाबारा ठिकाणी वेगळे ठेवले, संशय नको म्हणून. ताकाला जाऊन भांडं कसं लपवायचं ते मला बरोब्बर जमलं.

आणि तुम्ही! रकाने शेजारी ठेवले आणि तुमचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली. "अगं, बसवाल्याला तू एकतीस दिलास? आपणहून?" बसवाला पुन्हा आला होता, वेगळ्या गावचा. मी म्हटलं, "हो, विचार केला जरा." "अक्कल आली माझ्या पोरीला!" तुम्ही उठून घरी गेलात आणि शिरा घेऊन आलात, बेदाणे मोजून न घातलेला. मोरिता-सानना फोन करून जपानीत सांगितलंत की चाळीस वर्षांत माझ्याशी इतकं कुणाचंच पटलं नाही, तुमचंही नाही. तो शिरा मी खाल्ला. दोनदा मागून घेतला. 

पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. ओसाकाने अभिनंदनाची मेल पाठवली. तुम्हाला सांगायला मी तीनदा तुमच्या दारापर्यंत आले होते. एकदा तर तुम्ही दार उघडलंत, मी म्हटलं, "ताई, एक बोलायचं होतं," आणि तुम्ही पोट दाबून म्हणालात, "आधी मला जरा पाणी दे." तेच ते दुखणं. त्यानंतर तपासण्या, गाठ, आणि डॉक्टरांनी मोरिता-सानना बाजूला घेऊन सांगितलेलं काय ते. कसलं बोलणं आणि कसलं काय.

हॉस्पिटलात तुम्ही तो शेवटचा गठ्ठा मागवून घेतलात. मोरिता-सान रागावले होते. मी रोज दुपारी यायचे, तुम्ही चार पानं करायचात आणि डोळे मिटायचात. एकदा मी उठायला लागले तर मनगट धरलंत. बोटं गार होती. म्हणालात, "एक बरं झालं. तुला आता कळायला लागलंय. माझा रकाना रिकामा राहिला तरी त्या लोकांचं वाईट नाही होणार." मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "झोपा आता." शनिवारी सकाळी मोरिता-सानचा फोन आला. ते फक्त माझं नाव घेऊन थांबले, मेधा-सान, एवढंच.

दहनानंतर त्यांनी मला आत बोलावलं. आपल्याकडे अस्थी सावडतात, पण इथल्यासारखं मी कधी बघितलं नव्हतं. जेवायच्या काड्यांसारख्या लांब काड्या दोन माणसांच्या हातात द्यायच्या आणि एकेक अस्थी दोघांनी मिळून उचलायची. पायापासून सुरुवात करायची, म्हणजे माणूस कलशात उभा राहतो. एकदा तुमच्याकडे जेवताना मी माझ्या काड्यांतून तुमच्या काड्यांत भजी द्यायला गेले होते तर माझ्या हातावर फटका मारला होतात, "असं जेवताना करायचं नसतं, का ते विचारू नको." तेव्हा विचारलं नाही, आता कळलं. मोरिता-सान आणि मी समोरासमोर उभे राहिलो. मी घाईने काड्या पुढे नेल्या. ते हळूच मराठीत म्हणाले, "सावकाश. सावकाश." तुम्ही शिकवलेल्या आठदहा शब्दांतला तो एक. आम्ही दोघांनी मिळून तुम्हाला उचललं, ताई, आणि मला एवढंच वाटत होतं की या बाईच्या बाबतीत तरी मी आता काही खोटं करू नये.

म्हणून तिसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन बसले. लिफाफा मोरिता-सानकडे होता, बघायचा म्हटलं तरी बघता आला नसता. पहिल्यांदाच बरं वाटलं त्याचं. मी माझ्या डोक्याने नंबर घातले. बंद केले. आणि काल तुमचे नंबर शेजारी चढवले.

पुष्कळ ठिकाणी जुळले नाहीत. ठरलेल्या रेषेच्या कितीतरी खाली. ओसाकाला मी तसंच कळवलं आहे, आणि मागच्या तीन खेपांचंही. त्यांचं उत्तर अर्ध्या तासात आलं, फार सभ्य, तुमच्या जाण्याचं दुःख आधी आणि काम थांबवत असल्याचं नंतर. हा गठ्ठा मात्र पुरा करून द्या म्हणाले. म्हणजे तिसरा रकाना. भांडायचा रकाना, आणि भांडायला मी एकटी.

केलं भांडण. तुमच्या खुर्चीत पानं ठेवली आणि मोठमोठ्याने केलं. कुठे तुम्हाला दिलं, कुठे स्वतःला. 'माणूस बरा आहे' याला तुम्ही 'विश्वास' दिलात, तो मी काढला. बरा आहे म्हणजे बरा आहे, उगाच डोक्यावर घेऊ नका. गेलात म्हणून मी सगळीकडे मान डोलवावी एवढं स्वस्त तुमचं आणि माझं नातं नव्हतं. निम्म्याहून जास्त ठिकाणी मला तुमचं पटलं नाही.

मग एकविसावं पान आलं. लाल नेत्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'मी फार आजारी आहे. मला विचारून काय उपयोग.' माझ्या रकान्यात सत्त्याण्णव. ते मी दहनानंतर तिसऱ्या दिवशी, लिफाफा न बघता, कुणाला खूश न करता घातलेलं. घालताना मला विशेष काही वाटलंही नव्हतं. हात आपसूक तिकडे गेला.

आणि तुमच्या रकान्यात अठ्ठ्याण्णव.

मी चष्मा पुसून बघितलं. पान खिडकीशी नेलं. खाली काही पुसलेलं आहे का, आधी दुसरा नंबर होता का. नव्हता. हॉस्पिटलात तुमचे बाकीचे आकडे वेडेवाकडे झालेत, एक रेघ इकडे तर एक तिकडे. हा एकच तुम्ही नीट, सावकाश काढलाय. इतक्या वर्षांत एकदाही न दिलेला नंबर. विषयाशी संबंध नाही.

कुणाचा संबंध नाही, ताई? त्याचा? मी रोज दुपारी शेजारी बसत होते. तुम्ही हे पान माझ्यासमोरच केलं असणार. मी तेव्हा मोबाइल बघत असेन, नाहीतर ज्यूसमध्ये नळी घालत असेन. तुम्ही स्वतःला यादीतून काढून टाकत होतात आणि मला पत्ता नाही. फार राग आलाय मला तुमचा. बसवाल्यासाठी पाऊण तास भांडणारी बाई, स्वतःच्या वेळी एक शब्द भांडली नाही. 'तुला कळायला लागलंय' म्हणून माझ्यावर सोपवून मोकळी झाली, आणि मला तर तेव्हा काही कळत नव्हतं. मी चोरत होते. तुम्ही माझ्या खोटेपणावर विसंबून निघून गेलात, याचं मी काय करू?

तिसरा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तुमच्या पेन्सिलीने मी तिथे सत्त्याण्णव लिहिलं. त्याला विचारलं आणि त्याने सांगितलं. येत नाही सांगता, पण सांगितलं. पटत नसेल तर काढा चष्मा आणि बोला.

मी थांबले होते, ताई. तुमच्या खुर्चीकडे बघत चहा गार होईपर्यंत थांबले. मग गठ्ठा पाठवून दिला.